अण्णांची जीभ

अण्णा, लग्नाच्या मांडवामागे आमटीला उकळी फुटली की आचारी पहिली वाटी तुमच्याकडे घेऊन यायचा. देवाच्या नैवेद्याआधी तुमचा नैवेद्य. तुम्ही खुर्चीत मागे रेलायचात, डोळे मिटायचात, आमटी जिभेवर घोळवायचात, आणि तोवर अख्खी पंगत हात धुऊन ताटकळत बसायची. "खोबरं जरा करपलं, वस्ताद," असं तुम्ही म्हणालात की आचाऱ्याचा आणि नवरीच्या बापाचा चेहरा एकदमच पडायचा. तुम्हाला ते आवडायचं. शेतकरी पिंपळवंडीत घरटी होते. कांदा-बटाटा तुम्ही पिकवायचात तसा सगळेच पिकवायचे. पण खाणारा माणूस म्हटलं की पंचक्रोशीत एकच नाव घेतलं जायचं. तो मान तुम्ही शेवटपर्यंत मिरवलात. घरात त्या जिभेचा पट्टा कुणाच्या पाठीवर बसायचा, ते मांडवातून दिसायचं कारण नव्हतं.

आईचा प्रश्न एकच असायचा. ताट वाढून झालं, पहिला घास तुमच्या तोंडात गेला, की पदराला हात पुसत ती विचारायची, "कसं झालंय?" तुम्ही तिला रोज नवीन उत्तर द्यायचात, आणि त्यासाठी तुम्ही डोकं चालवायचात हे मी बघितलंय. घास चावताना तुमच्या डोळ्यांत चमक यायची ती चवीची नसायची. "भाकरी हाय का गवरी?" "ह्यो रस्सा म्हशीम्होरं ठिव, ती बी तोंड फिरवील." "तुज्या आयनं येवढंच शिकवून धाडलं व्हय?" एकदा तिने मासवडी केली होती. बेसन शिजवून थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या, शिवाय रस्सा वेगळा. अर्धा दिवस जातो त्यात. तुम्ही एक वडी चाखलीत, "हायवेवरच्या हाटेलातली मासवडी कुटं आन ही कुटं," म्हणालात आणि ताट बसल्या जागेवरून अंगणात भिरकावलंत. कोंबड्या धावल्या. त्यांनी चोचीने सगळं साफ केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चला, त्यांना तरी ग्वाड लागलं." ओसरीवरचे पाहुणे हसले. मीही हसले. लहान होते, आणि तुम्ही बोलायला लागलात की हसू आवरायचंच नाही.

तिला फार काही नको होतं हो. तुमच्या तोंडून दोन शब्द हवे होते, चांगलं झालंय, बस्स. आमच्या तोंडचे तिला चालत नव्हते. मी म्हणाले की म्हणायची, "तू लेक हायेस, तू म्हननारच." दादा तर दगडधोंडेही मुकाट्याने गिळेल असा, त्याच्या बोलण्याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. सगळा गाव ज्याला विचारतो त्यानेच सांगायला हवं होतं, आणि तो माणूस तिच्या पुढ्यात रोज दोन वेळा मांडी घालून बसत होता. मला तरी तिचं यात काही चुकलेलं दिसत नाही.

आणि मला मात्र तुम्ही सगळीकडे घेऊन जायचात. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरलेल्या आहेत, तुमच्या शर्टाला कांद्याचा पाचोळा चिकटलाय, आणि आपण बाजारामागच्या हॉटेलात मिसळीसमोर बसलोय. "आदी वास घे," तुम्ही म्हणता. मी वास घेते. "आता निस्ता रस्सा. पाव न्हाई. सांग, काय घातलंय?" मी म्हणते लवंग. तुम्ही मान हलवता. मी म्हणते दगडफूल. तुम्ही टेबलावर अशी थाप मारता की ग्लासातलं पाणी हिंदकळतं, आणि गल्ल्यावरच्या मालकाला ओरडून सांगता, "राव, पोरगी बघा माजी! तुमचा मसाला उघडा पाडला!" मालक हसत आणखी एक वाटी तर्री पाठवतो. त्या वेळी माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं. आपण पोटभर खाऊन घरी यायचो, आई ताट झाकून बसलेली असायची, आणि तुम्ही ढेकर देत म्हणायचात, "आज जेवन झालं बग. त्याला जेवन म्हनत्यात." आईला तुम्ही त्या हॉटेलात कधीच नेलं नाहीत. आपल्यात बायका हॉटेलात बसत नाहीत, असं तुम्ही सांगायचात, आणि मी शेजारीच उभी असायचे.

माझा पहिला केक आठवतो का? शाळेतल्या एका मैत्रिणीकडून रीत लिहून आणली होती. ओव्हन कुठला आपल्याकडे? कुकडी नदीची वाळू चाळून, वाळवून कुकरच्या तळाला घातली, शिट्टी काढली, रिंग काढली, आणि आत जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यात ते मिश्रण ठेवून अर्धी दुपार राखण करत बसले. तुम्ही तुकडा मोडलात, चघळलात, आणि मोत्याला हाक मारलीत. मोत्याने हुंगला आणि गेला. पुढे वर्षभर ती गोष्ट तुम्ही बाजारात तिखटमीठ लावून सांगितलीत, "आमचं कुत्रं बी चवीचं हाय" म्हणून. मी रडले. पण मग तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, "सोडा जास्त झालाय. आन लोनी खवाट हाय, दोन दिसांचं. ताजं घे." तुमचं दोन्ही खरं होतं. पुढच्या खेपेला ताजं लोणी घेतलं, सोडा बेताचा घातला. तुम्ही खाल्लात, आणखी एक तुकडा उचललात आणि म्हणालात, "आता जमलं. झ्याक झालाय." आई तिथेच होती, कुकरची रिंग धुऊन पुसत. तिने मान वर करून तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला तो शब्द येत होता, हे तिला त्या दिवशी कळलं.

नानकटाईचं वर्ष त्याच्या पुढचं. दिवाळीआधी बायका मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं घरचं सामान डब्यांत भरून बेकरीत न्यायच्या. बेकरीवाला भट्टी आणि पत्रे द्यायचा, मळणं-वळणं ज्याचं त्याने करायचं. त्या दिवसांत तो अंड्याचं काही भट्टीजवळ येऊ द्यायचा नाही, कारण बाजारातल्या शेठलोकांच्या बायकाही यायच्या. आपला कांदा ज्यांच्या आडतीवर जायचा त्या शेठजींची बायको त्या दिवशी आईच्या शेजारीच बसली होती. पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी पिठाच्या गोळीने चिकटवायची पद्धत. दोघींच्या चिठ्ठ्या भट्टीत करपून गळून पडल्या, आणि गर्दीत पत्र्यांची अदलाबदल झाली. आईला घरी येऊन डबा उघडल्यावर कळलं. तिने जायफळ घातलं होतं आणि घरच्या म्हशीचं तूप. डब्यातल्या नानकटाईला वेलदोडा आणि डालडा होता. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "सणाचं कुटं परत मागायला जायाचं."

तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाडव्याला तुम्ही शेठजींकडे गेलात, आणि येताना रुमालात बांधून दोन नानकटाया आणल्यात. भाऊबीजेसाठी आत्या आली होती, दादा होता, मी होते. तुम्ही आईला माजघरातून बोलावलंत, तिच्यासमोर रुमाल सोडलात आणि म्हणालात, "ह्याला नानकटाई म्हनत्यात. बघून शिक. चार खाल्ल्या मी तितं बसून." आईने एक उचलली, नाकाजवळ नेली, आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा मी तो आधीही पाहिला नव्हता, नंतरही नाही. "आवो, ही माजीच हाय," ती म्हणाली. भडाभडा तिने सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, पत्रे, जायफळ. बोलताना हसत होती. तुम्ही दुसरी नानकटाई तोंडात टाकलीत, सावकाश चावलीत, तिच्याकडे बघत राहिलात. सगळं घर तुमच्या तोंडाकडे बघत होतं. मग तुम्ही म्हणालात, "तुजी आसती तर मी खाल्ली आसती व्हय?"

आत्या हसून लोळली. तुम्ही आपल्या डब्यातली एक उचललीत, दाताने तोडलीत आणि थुंकलीत. "ही बग तुजी. वाळू." आई म्हणाली, "ती शेठानीबाईंची हाय." "मंग तुज्या डब्यात ऱ्हाऊन नासली आसंल," तुम्ही म्हणालात आणि लोडाला टेकलात. आईने रुमाल उचलला. थोड्या वेळाने मी आत गेले तर ती रुमालातला चुरा बोटाने टिपून तोंडात टाकत होती, आणि खूप वेळ चावत होती. तुमचंच खरं असेल की काय, हे ती तपासत होती. तुम्ही आयुष्यात इतक्या चवी घेतल्यात अण्णा, तो चेहरा एकदा बघायला हवा होतात.

तरी मी तुमच्या बाजूने विचार करायचे. वाटायचं, खरंच नसेल ओळखता आली. शेठजींच्या गादीवर बसून, पाहुणचाराच्या भरात, माणसाची जीभ फसू शकते. आणि फसली हे कबूल करायला तुमच्यासारख्याला जड जाणारच. असं म्हणून मी तुम्हाला चार-पाच वर्षं सांभाळून घेतलं, डिंभ्याला जाईपर्यंत.

तेव्हा मी मंचरला कॉलेजात होते. धरणाचा ताजा मासा खायला म्हणून आपण एस.टी.ने गेलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई तव्यावर तुकडे तळत्येय, लसूण-मिरचीचा ठसका उठलाय, खाली पाणी चकाकतंय. परतीची गाडी येईल तेव्हा येईल. आपण दुसरी ताटली मागवतो. मासा असा आहे की बोलायचं सुचत नाही. तुम्ही काटा काढता, बोटं चाटता, आणि स्वतःशीच हसायला लागता. "तुला येक गंमत सांगतो," तुम्ही म्हणता. "ती नानकटाई न्हवं का? मला ठावं व्हतं. शेठजीकडं पयला घास घेतला तवाच कळलं. जायफळ. तुज्या आयबिगर येवढं बारीक किसून कोन घालतंय?"

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. "मग तिच्या तोंडावर का नाही बोललात?" मी विचारलं.

"खुळी का काय तू? आगं, येकदा चांगलं म्हनलं की बाई सैल पडती. मी बोलत न्हाई, म्हनून ती उद्या आजून जीव लावून करती. लगीन झाल्यापासनं मी राजावानी जेवतोय ते काय उगाच?" तुम्ही डोळा मारलात. "हाटेलवाल्यांच्या बापाला जमायचं न्हाई तिच्यावानी. मासवडी तर न्हाईच न्हाई. पर बोलायचं नसतं. आपल्या दोगांत ठिव."

आणि तुमच्या ताटलीतला सगळ्यात चांगला तुकडा, पोटाकडचा, तुम्ही उचलून माझ्या ताटलीत ठेवलात. अंगणात फेकलेलं ताट, गवरी, म्हैस, तिच्या आईवरून मारलेले टोमणे, सगळं तुम्ही जाणूनबुजून केलं होतं. तुमची जीभ एकदाही चुकली नव्हती. मला तुमची किळस आली. आणि मी तो तुकडा खाल्ला. तो फार चांगला लागला, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही पडून होतात, पण ऐकू येत होतं. झटका आला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तिखट बंद केलं. तुमच्यासाठी आई मऊ भात आणि वरणाचं पाणी कालवायची, चमचा तुमच्या ओठांपाशी न्यायची, आणि थांबायची. "कसं झालंय?" तुम्ही घशातून काहीतरी आवाज काढायचात. ती परत विचारायची. चमचा तिथेच. तुमची मान चमच्याकडे यायची तसा चमचा मागे सरकायचा. एकदा आत्याला बघवलं नाही, ती म्हणाली, "वयनी, घाला की वो तोंडात." आई शांतपणे म्हणाली, "जबाब तर यिऊ द्या." तुम्हाला ती रोज न्हाऊ घालत होती, घाण काढत होती, कूस बदलत होती, त्यात एक दिवस कसूर केली नाही. पण जेवताना तुमची सुटका नव्हती. मी दारात उभी राहून बघायचे. मध्ये पडावं असं मला वाटलं नाही.

आणि एका सकाळी तुम्ही बोललात. ओठ कसेबसे जुळवत, लाळ गाळत, पण कळेल असं: "चांग...लं." मी हातातलं टाकून धावत आले. आईने चमचा वाटीत ठेवला. तुमच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, पदराने लाळ पुसली आणि म्हणाली, "आता व्हय? आता तुमाला श्यान चारलं तरी चांगलंच लागंल." आणि पुढचा घास घातला. त्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. तुमच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण त्या डोळ्यातून ते तसंही सारखं यायचं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

तुम्हाला जाऊन आता दहाएक वर्षं होतील. मला मंचरलाच दिलं. माझ्या घरी ओव्हन आहे, काचेच्या दाराचा. सुट्टीच्या दिवशी पाव करते, केक करते. आई पिंपळवंडीहून आली की त्या काचेसमोर पाट टाकून बसते आणि पाव फुगताना बघते. मी तिला सगळं पहिल्यांदा चाखायला देते. ती बरोबर सांगते, मीठ कुठे कमी, भाजणी कुठे उतावळी. पण स्वतः काही रांधलं की गप्प बसते आणि ताट लांब सारते, जणू ते दुसऱ्या कुणी केलंय.

गेल्या आठवड्यात मी तिला हॉटेलात नेलं, हायवेवरच्या, जिथल्या मासवडीवरून तुम्ही आईचं ताट कोंबड्यांना घातलं होतंत. आचारीही तोच आहे, म्हातारा झालाय. आई टेबलाखाली चपला काढून खुर्चीच्या टोकावर बसली. बाहेर ट्रक कर्कश हॉर्न देत होते. ताट आलं. तिने आधी वास घेतला. मग भाकरीचा तुकडा नुसत्या रश्शात बुडवून तोंडात घातला, डोळे मिटले, जिभेवर घोळवला. मग वडी मोडली. दुसरा घास घेतला, आणि हात थांबला.

"ह्येच का?" ती म्हणाली. "ह्येच खाऊन येत व्हते त्ये?"

"हो."

"आगं, ह्याचं बेसन कच्चं हाय. खोबरं भाजलंच न्हाई, निस्तं गरम क्येलंय." ती ताटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. "तू त्यांच्यासंगं फिरलीस. तुला ठावं आसंल. खरं सांग मला. माजं खरंच वंगाळ व्हतं, का त्यांनाच चव कळत न्हवती?"

तिच्याकडे दोनच शक्यता होत्या, अण्णा. तिसरी तिच्या मनातही नव्हती. तिसरी माझ्याकडे होती, डिंभ्याच्या माशासकट. तुम्हाला सगळं कळत होतं आणि तुम्ही तरीही तिला जन्मभर तसंच ठेवलंत, हे ऐकून ती त्या खुर्चीवरून उठू शकली नसती. मी म्हणाले, "त्यांना चव कळतच नव्हती, आई. काहीच कळायचं नाही. नुसतं नाटक होतं."

"आं?"

"मिसळीत काय घातलंय हे मी आधी त्यांच्या कानात सांगायचे. मग ते मालकाला सांगायचे."

ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "आन ती आमटीची वाटी?" ती म्हणाली. "डोळे मिटून? समदा गाव उबा करून?" मी म्हणाले, "सगळं नाटक." हसू ओसरल्यावर तिने पदराने डोळे टिपले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "बिच्चारा गं." मग वेटरला हाक मारून म्हणाली, "भाऊ, ह्ये घिऊन जा. आन तुमच्या वस्तादाला सांगा, मासवडी शिकायची आसंल तर पिंपळवंडीला या."

आता ती गावभर सांगतेय. परवा दादाचा फोन आला, हसत होता, म्हणाला, पाराखाली सगळे म्हणतात, तरीच! तरीच आमच्या लग्नातली चांगली आमटी त्यांनी नासली म्हणून सांगितली. तुमचं नाव संपलंय, अण्णा. पिंपळवंडीत तुम्ही आता चव न कळणारे म्हणून ओळखले जाल, आणि मी ते कधीही दुरुस्त करणार नाही. आई मात्र काल आली तेव्हा स्वयंपाक करून माझ्यासोबतच पानावर बसली, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "लई झ्याक झालंय."

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर एवढं लिहून टाकते: हॉटेलात ते खोटं बोलताना मला वाईट वाटलं, आणि ते तुमच्यासाठी वाटलं.